खाट क्रमांक चार, स्थिती उत्कृष्ट

मित्रांनो, सतराव्या दिवशी धाकटीला गाडीत बसवून नेलं आणि थोरली मामाच्या दारात उभी राहिली. दोघी बहिणींची ताटातूट झाली, आणि ती माझ्यामुळे झाली.

वरचं वाक्य चुकून आधी आलं आहे. ते तुम्ही वाचलेलं नाही. अजून काहीच झालेलं नाही, सगळे सुखरूप आहेत, आणि आपण रीतसर सुरुवात करू.

मी एक जुनी घडीची खाट आहे. चार पाय, दोन बिजागऱ्या, मध्ये ताणून बसवलेलं जाड खाकी कापड आणि उजव्या पायावर पांढऱ्या रंगात '४' हा आकडा, एवढा माझा संसार. वजन अकरा किलो. स्वभाव शांत. माझ्यावर कुणी कूस बदलली तर मी 'कुर्र' म्हणते. त्यापलीकडे मी आयुष्यात कुणाला उलट बोललेली नाही, आणि हीच माझी चूक झाली, असं आता वाटतं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक जाडजूड गृहस्थ नोकरीला होते. प्रत्येक नव्या खाटेवर एकदा बसायचं, हे त्यांचं काम. दिवसातून साठ वेळा बसायचं आणि संध्याकाळी "दमलो बुवा" म्हणत घरी जायचं. ते माझ्यावर बसले, दोनदा डोलले आणि म्हणाले, "चालेल." जगात आल्या आल्या कुणी 'चालेल' म्हणावं, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. पुढे ज्या पोरांशी माझा संबंध आला, त्यांच्यातल्या काहींना तेवढंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

मला मुलांच्या कार्यालयानं घेतलं. त्या कार्यालयाचं काम सांगायला सोपं आहे. एखाद्या घरात अचानक काहीतरी होतं. आई आजारी पडते, बाप नाहीसा होतो, किंवा दोघंही असून नसल्यासारखे असतात. मग त्या घरातल्या मुलांची त्याच दिवशी कुठेतरी सोय करावी लागते. नियम असा की आधी नातेवाइकांना विचारायचं. काका, मामा, आत्या, आजी, जो कुणी 'हो' म्हणेल त्याच्याकडे मुलं ताबडतोब पाठवायची आणि कागदांनी मागून चालत जायचं. मग पंधरा दिवसांनी एक साहेब घर बघायला येणार, आणि ते 'ठीक' म्हणाले तरच मुलं तिथे राहणार.

यात एक अट पक्की होती. प्रत्येक मुलाला स्वतंत्र बिछाना. अट चांगलीच आहे, मी स्वतः तिच्यावर जगले. पण अशा घाईच्या वेळी जादा खाट कुणाच्या नातेवाइकाकडे असते? पाहुण्यांसाठी म्हणून जी माणसं जादा खाट घेऊन ठेवतात, तीच माणसं असा फोन आला की पाहुणे आल्याचं सांगतात. म्हणून कार्यालयानं घडीच्या खाटा ठेवल्या होत्या. क्रमांक एक, क्रमांक चार आणि क्रमांक अकरा. मधल्या कुठे गेल्या हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची पद्धतही नव्हती.

पहिली नऊ वर्षं मी खूप राबले. किती घरं पाहिली! एक मुलगा माझ्यावर बूट घालून झोपायचा. उद्या परत निघायचं झालं तर उशीर नको, असं त्याचं म्हणणं. दोन जुळ्या भावांनी माझी डोक्याची बाजू आणि पायाची बाजू वाटून घेतली होती आणि दोघंही आपलीच बाजू डोक्याची समजत. कितीतरी जणांनी मला ओलं केलं आणि सकाळी माझ्याकडेच बोट दाखवलं. मी ते अंगावर घेतलं. घेणारच. एका पोरानं माझ्या कापडाच्या खालच्या बाजूला पेनानं सातचा पाढा लिहिला होता. सात सक चव्वेचाळीस. ती चूक मी कित्येक वर्षं पोटाखाली सांभाळली. तिथून पुढचा सगळा पाढा दोनदोननं पुढे पळत होता, पण पठ्ठ्यानं शेवटपर्यंत नेला.

मग एका घरातले काका पंखा पुसायला माझ्यावर चढले. माझा मागचा पाय वाकला. त्यावर चौकशी झाली. पंखा कुणाचा, पुसायची गरज होती का, इथपर्यंत कागद गेले. शेवटी कोठार सांभाळणाऱ्या माणसाला, ज्यांना सगळे कोठारकाका म्हणत, वरून एक खरमरीत पत्र आलं. कोठारकाकांनी ते पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून ते बदलले.

त्यांनी माझा पाय सरळ करून घेतला. मला नवा हिरवा रंग दिला, नवं कापड लावलं (पाढा गेला), वर जाड पारदर्शक प्लॅस्टिक चढवलं आणि पावतीत एक नवं कलम घातलं: 'सदर खाट सुस्थितीत व विनाओरखडा परत करीन.' एवढं सगळं केल्यावर मला कुणाला द्यायचं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. एक आणि अकरा झिजत राहिल्या, आणि मी दोन वर्षं कोठारात भिंतीला टेकून बसले. येणारे-जाणारे म्हणत, "वा, ही तर नवीकोरी!" मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला ते आवडायला लागलं. अंगावर पोरं नाहीत, ओल नाही, पाढे नाहीत. मी स्वतःला काहीतरी समजू लागले होते.

एका दुपारी एक आणि अकरा दोन्ही बाहेर होत्या, आणि त्या दोघी आल्या.

थोरली दहा वर्षांची. धाकटी पाचची, पण तिला घरीदारी सगळे 'वकील' म्हणत, कारण तिला कुठलंही उत्तर पुरत नसे. त्यांच्या आईला सकाळी दवाखान्यात नेलं होतं आणि ती लवकर परत येण्यातली नव्हती. वडील घरात नव्हते. ते बरीच वर्षं नव्हते. आईनं स्ट्रेचरवरून थोरलीला एवढंच सांगितलं होतं, "दोघी एका जागी राहा. हिचा हात सोडू नको." थोरलीनं ते शब्दशः घेतलं होतं. तीन तास झाले तरी तिनं तो हात सोडलेला नव्हता. पाणी दिलं तर डाव्या हातानं प्यायली.

त्यांना घेऊन आलेल्या बाईंच्या खांद्याला कायम एक फुगलेली कापडी थैली असे. थैलीत चाळीस मुलांचे कागद. थैलीवाल्या बाईंनी फोन लावायला घेतले. मी शेजारच्या कोठारात होते आणि दार उघडंच होतं.

काकांना फोन लागला. काकांकडे रंगकाम चाललं होतं. आत्याला फोन लागला. आत्या म्हणाली, "अगं बाई, घेतलं असतं गं, पण मला गुडघे आहेत."

"गुडघे सगळ्यांनाच असतात," वकील थोरलीच्या कानात म्हणाली. कानात म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं.

मग मामाला फोन लागला. पलीकडून आवाज आला, "कुठे यायचं?"

"अहो दादा, आधी काय झालंय ते ऐकून तरी घ्या."

"ऐकतो ना. चालता चालता ऐकतो."

अर्ध्या तासात मामा आला. कानामागे ब्रश, बोटांना निळा रंग. हा मामा पाट्या रंगवायचा. 'गाडी लावू नये', 'डॉक्टर आत आहेत', 'उधार मागू नये', असल्या. लग्न केलेलं नव्हतं. राहायला चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दीड खोली. बाईंनी त्याला समोर बसवलं.

"हे बघा, तुम्ही एकटे पुरुष, त्यात दोन मुली. पंधरा दिवसांनी जी पाहणी होईल ती कडक होणार. साहेबांना तेवढंच निमित्त पुरतं. घरात एकही गोष्ट इकडची तिकडे नको."

"नाही होणार," मामा म्हणाला. "फक्त दोघींना वेगळं करू नका. बहिणीनं तेवढं एकच सांगितलंय." मामा येताना दवाखान्यावरून आला होता, हे तेव्हा कळलं.

"म्हणूनच म्हणते ना. सगळं नीट ठेवा. आणि ही खाट घेऊन जा."

खाटेचं काय करायचं हे बाईंनी सांगितलं नाही. खाट झोपायला असते, हे जगात कुणी कुणाला सांगत नाही.

सांगितलं ते कोठारकाकांनी. त्यांनी खिशातलं पत्र चाचपलं आणि पावती पुढे सरकवली. "पेंटर, कलम तीन मोठ्यानं वाचा."

"सुस्थितीत व विनाओरखडा परत करीन."

"पाहणीला साहेब येतात तेव्हा आधी आमच्या वस्तू बघतात. ज्याला खाट सांभाळता येत नाही, तो पोरं काय सांभाळणार? असा हिशेब असतो. एक जरी ओरखडा आला, तर लेखी खुलासा. तीन प्रतींत."

मामानं सही केली. मग विचारलं, "आणि पोरींना ओरखडा आला तर?"

"तो फॉर्म माझ्याकडे नसतो," कोठारकाका म्हणाले.

मामाच्या घरात एक पलंग होता आणि बाकी सगळ्या पाट्या. गिऱ्हाइकांनी रंगवून घेतल्या आणि न्यायला विसरले, अशा. वकिलीणबाईंना अक्षरं नुकतीच येऊ लागली होती. तिनं पहिल्या तासात 'डॉक्टर आत आहेत' ही पाटी मोरीच्या दाराला लावली आणि थोरली आत गेली की बाहेर रांग लावून उभी राहिली. रांगेत ती एकटीच. "नंबर आला का?" असं स्वतःलाच विचारायची. त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदा थोरली हसली. मी पाहिलं.

मला खिडकीखाली उलगडलं. थोरली बसायला पुढे आली तसा मामा ओरडला, "थांब थांब थांब! त्यावर नको!"

"मग कुठे झोपायचं?"

"तुम्ही दोघी पलंगावर. मी खाली. ही अशीच राहू दे. ही सरकारी आहे."

मित्रांनो, इथे मी 'कुर्र' म्हणायला हवं होतं. पण माझ्यावर कुणी बसलंच नव्हतं, आणि कुणी बसल्याशिवाय मला बोलता येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर माझी हरकतही नव्हती. नवं कापड, नवा रंग, खिडकीतलं ऊन. मनात म्हटलं, बरं झालं.

मामा रोज सकाळी कामावर जायच्या आधी मला ओल्या फडक्यानं पुसायचा, मग कोरड्या फडक्यानं. बिजागऱ्यांना तेल द्यायचा. स्वतःचा पलंग आयुष्यात कधी झटकला नसेल त्या माणसानं. चौथ्या दिवशी मात्र त्यानं कमाल केली. एक छोटा पत्रा घेतला, निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत, प्रत्येक अक्षराला सावली देऊन, त्यानं पाटी रंगवली आणि तारेनं माझ्या उशाशी बांधली: 'बसू नये.' माझ्यासाठी कुणी स्वतंत्र पाटी करावी! कारखान्यात 'चालेल'वर बोळवण झालेली मी, आणि आता सावलीची अक्षरं. मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

वकिलीणबाईंनी पाटी वाचली आणि उलटतपासणी सुरू केली.

"मामा, खाट कशासाठी असते?"

"झोपायला."

"मग या खाटेवर कोण झोपतं?"

"कुणी नाही. ती जपायची आहे."

"कधीपर्यंत?"

"परत देईपर्यंत."

"परत दिल्यावर कोण झोपणार?"

मामानं ब्रश खाली ठेवला. "बाळ, तू खूप शिक. पण आत्ता जेव."

सहाव्या दिवशी थैलीवाल्या बाई येऊन गेल्या. दारातूनच. खाली रिक्षा थांबलेली, थैलीत चाळीस मुलं. मुली हसतायत, जेवतायत, हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"खाट कशी आहे?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"एकदम मस्त!" मामा म्हणाला.

"वा," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. दोघंही खरं बोलले. दोन खऱ्या माणसांच्या मध्ये मी उभी होते, प्लॅस्टिकमध्ये.

नवव्या दिवशी दुपारी मामा एका दुकानाची पाटी लावायला गेला होता. वकील खिडकीतून खालचा चप्पलवाला बघत होती, आणि नीट दिसावं म्हणून ती माझ्यावर चढली. चढली आणि बसली. सोळा किलोचं असेल पोर. मी 'कुर्र' म्हणाले. दोन वर्षांनी म्हणाले! मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. मला एकदम आठवलं की मी काय आहे.

थोरली मोरीतून धावत आली आणि तिनं धाकटीला काखेत धरून उचललं. "उतर! वेडी आहेस का? मोडली तर आपल्याला इथून काढतील! तुला एकीकडे, मला एकीकडे!"

"मी नुसती बसले."

"नुसतंही नाही बसायचं!"

धाकटी जिथे बसली होती तिथे प्लॅस्टिकवर तिच्या हाताचे दोन ठसे उमटले होते. दहा बोटं, घामेजलेली. थोरली फ्रॉकच्या टोकानं ते पुसू लागली. तोंडानं वाफ सोडायची आणि पुसायचं, वाफ सोडायची आणि पुसायचं. एक बोट जाईना. त्या एका बोटासाठी ती बराच वेळ वाकून बसली होती. तिला वाटत होतं, ती बहिणीला वाचवतेय.

पंधराव्या दिवशी सकाळी पाहणीसाहेब आले. बरोबर थैलीवाल्या बाई. साहेबांच्या कमरेला मोजायची टेप होती आणि हातात आठ पानांचा फॉर्म. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आला, मुलींना नावं विचारली, पाणी प्यायला. मग कामाला लागला. खिडकीचे गज मोजले, गॅसची नळी बघितली, रंगाचे डबे उंच ठेवलेत का ते बघितलं, खालच्या चप्पलवाल्याला हा माणूस कसा आहे म्हणून विचारून आला. चप्पलवाला म्हणाला, "पोरी आल्यापासून शिव्या देणं बंद केलंय त्यानं. आम्हालाच करमत नाही." साहेबांनी तेही लिहिलं. पान सातपर्यंत सगळीकडे 'ठीक'. बाई मामाकडे बघून हळूच हसल्या.

पान आठ, बिछाने.

मामा याचीच वाट बघत होता. जादूगारानं रुमाल काढावा तसा त्यानं माझ्यावरचा धुतलेला पंचा ओढला. "बघा साहेब! बोट फिरवून बघा. एक ओरखडा नाही!"

साहेबांनी बोट फिरवलं. मग पाटी वाचली. मग परत वाचली.

"यावर कोण झोपतं?"

"छे, छे! कुणी नाही! पंधरा दिवसांत एकदाही नाही. शपथ घेऊन सांगतो!"

"मुली कुठे झोपतात?"

"माझ्या पलंगावर. दोघी मिळून. मी खाली."

थैलीवाल्या बाईंचा चेहरा पांढरा झाला. "अहो दादा, वापरता ना अधूनमधून? दुपारी वगैरे?"

"नाही हो बाई, तुम्ही विश्वास ठेवा! पोरी हातसुद्धा लावत नाहीत. विचारा तिला."

साहेबांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली ताठ उभी राहिली, धाकटीचा हात धरून. "आम्ही हात नाही लावत," ती म्हणाली. पाठ केलेलं उत्तर होतं. चांगलं पाठ केलं होतं.

तेवढ्यात वकील म्हणाली, "मी बसले होते!"

मित्रांनो, माझा जीव त्या चार पायांत नव्हता. साहेब गुडघ्यावर वाकले. त्यांनी पेन कागदावर टेकवलंसुद्धा होतं. "बसली होतीस? कधी?"

"तेव्हा. दुपारी. ती कुर्र म्हणाली."

"नेहमी बसतेस?"

थोरलीनं तिचा हात दाबला. इतका की बोटं पांढरी पडली. "खोटं बोलतेय साहेब. ती लहान आहे, काहीही बोलते. नाही बसली ती. बघा ना, डाग तरी आहे का कुठे?"

डाग नव्हता. तिनंच पुसला होता.

वकिलीणबाई आयुष्यात पहिल्यांदा खटला हरल्या, आणि तोही खरं बोलून.

साहेबांनी फॉर्म भरला. 'स्वतंत्र बिछाना' या रकान्यापुढे तीन पर्याय होते: आहे, नाही, आहे परंतु वापरात नाही. तिसऱ्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नाही समजावे.'

"घर एका मुलीसाठी योग्य आहे," साहेब म्हणाले. "दोघींसाठी नाही."

"अहो, प्लॅस्टिक काढलं की झालं!" बाई म्हणाल्या. "हे घ्या, मी काढते!"

"काढा ना. पण मग वापर आजपासून धरला जाईल. पुढची पाहणी तीन महिन्यांनी."

मामाला अजून नीट कळलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, खाटेत काही खोट आहे का? मी दुरुस्त करून देतो."

"नाही, नाही. खाट उत्तम आहे." आणि साहेबांनी पानाच्या शेवटी, 'कार्यालयीन वस्तूंची अवस्था' या रकान्यात, स्वच्छ अक्षरांत लिहिलं: उत्कृष्ट.

माझ्या आयुष्यातली ही एकमेव लेखी स्तुती. त्याच पानावर, त्याच पेनानं.

सतराव्या दिवशी गाडी आली. थोरली म्हणाली, "मला न्या, हिला मामाकडे ठेवा. मला सवय होईल." पण थोरलीची शाळा मामाच्या घराजवळ होती आणि धाकटी अजून शाळेत जात नव्हती, म्हणून कागदावर धाकटीचं नाव पडलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक नवरा-बायको होते, भली माणसं, घरात तीन रिकाम्या खाटा. आता मामाकडे एकच मुलगी राहणार, म्हणजे मीही जादा झाले. मलाही त्याच गाडीतून परत न्यायचं ठरलं.

निघताना मामानं मला शेवटचं पुसलं. सवयीनं. मग फडकं हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मी तर जपलं होतं." कुणाला म्हणाला, कळलं नाही. बहुतेक मलाच.

दारात थोरलीनं हात सोडला. तिनं स्वतः सोडला नाही. थैलीवाल्या बाईंनी तिचं एकेक बोट उचललं, आणि उचलताना त्या स्वतः रडत होत्या, पण उचललं.

गाडीत मागच्या सीटवर फायली होत्या. बसायला जागा नव्हती, म्हणून ड्रायव्हरनं घडी केलेल्या मला आडवं टाकलं आणि वकिलीणबाईंना माझ्यावर बसवलं. 'बसू नये' ही पाटी अजून तारेनं तशीच बांधलेली होती. पोर पाटीकडे बघत बसून राहिलं. सगळ्या रस्त्यात एक प्रश्न विचारला नाही. फक्त उजव्या हाताचं बोट प्लॅस्टिकमध्ये खुपसत राहिली, एकाच जागी. सिग्नलला प्लॅस्टिक फाटलं आणि बोट आत गेलं, कापडापर्यंत. मग उतरेपर्यंत तिनं ते तिथेच ठेवलं.

कोठारकाकांनी मला तपासलं. 'प्लॅस्टिकला भोक, एक,' असं लिहिलं, वर चिकटपट्टी लावली, आणि मामाकडून तीन प्रतींत खुलासा मागवला. मामानं खुलासा पाठवला. कागदावर नाही, पत्र्यावर. निळ्या जमिनीवर, पांढऱ्या सावलीच्या अक्षरांत: 'माझी चूक झाली.' तीन पाट्या. कोठारकाकांनी त्या स्वीकारल्या नाहीत, कारण त्या फाइलमध्ये मावत नाहीत. त्या माझ्या बाजूला भिंतीला टेकवलेल्या आहेत, आणि मी रोज वाचते.

नंतर मामानं खाटेसाठी नवा अर्ज केला. उत्तर आलं की घरात दोन मुलं असतील तरच खाट मिळते. मग त्यानं दुसऱ्या मुलीसाठी अर्ज केला. उत्तर आलं की घरात दोन बिछाने असतील तरच मुलगी मिळते. थैलीवाल्या बाई दोन्ही उत्तरं घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोन्ही वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत." आई अजून दवाखान्यात आहे. थोरली दर रविवारी एक तास धाकटीला भेटते. बाई सांगत होत्या, धाकटी आता फारसे प्रश्न विचारत नाही. तिथल्या लोकांना वाटतं, किती शहाणी मुलगी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आमच्यावर नाचू नका, आम्हाला पुसत जा. मीही तेच सांगायची तयारी करून ठेवली होती. पण आता सांगवत नाही. तुमच्या घरी कुणी घाईघाईत राहायला आलं, तर वस्तूवरचं प्लॅस्टिक आधी फाडा. बसा. ओलं करा. चुकीचा पाढा लिहा. आम्ही झिजलो तर झिजू दे. एवढं बोलून मी माझा अर्ज खाली जोडते, आणि माझी गोष्ट संपवते.

प्रति,
मा. अधिकारी, पाहणी विभाग, मुलांचे कार्यालय.

विषय: अवस्थेच्या शेऱ्यात दुरुस्ती होणेबाबत.

महोदय,
सदर अर्जदार (खाट क्रमांक ४, घडीची) हिच्या नोंदीतील 'उत्कृष्ट' हा शेरा वस्तुस्थितीस धरून नाही. तरी तो रद्द करून त्या जागी 'खूप वापरलेली, डागाळलेली, एका मुलीच्या वजनाने कायम कुरकुरणारी' असा शेरा मागील तारखेने, म्हणजे पाहणीच्या आदल्या दिवसाच्या तारखेने, नोंदवण्यात यावा, आणि त्यानुसार पुढील सर्व घटना झाल्या नाहीत असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत: भोक, एक. (चिकटपट्टीखाली आहे. कृपया बोट घालून खात्री करावी.)